खाडीकाठची जमीन आणि भूकंप

भूकंप म्हणजे जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षे साठत आलेला ताण काही क्षणांत मोकळा होणे. सुक्या बांबूची कामटी दोन्ही हातांनी वाकवली की ती काही काळ निमूटपणे वाकत राहते, मग एकदम कडकन मोडते आणि तिचा झटका हाताला बसतो. खडकाचेही असेच आहे. तो दाब सोसतो, केसभर वाकतो, आणि सोसण्याची मर्यादा संपली की एखाद्या जुन्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकतात. अशा सरकलेल्या भेगेला प्रस्तरभंग म्हणतात. सरकण्याची सुरुवात जमिनीखाली जिथे होते ती भूकंपनाभी आणि तिच्या बरोब्बर वर, भूपृष्ठावर असलेले ठिकाण म्हणजे अपिकेंद्र.

नाभीपासून निघालेल्या लहरी सगळ्या दिशांना पसरतात. सर्वांत वेगवान त्या प्राथमिक लहरी. त्या खडकाला पुढेमागे ढकलत जातात. त्यांच्यामागून दुय्यम लहरी येतात. त्या खडकाला आडव्या दिशेने हलवतात आणि द्रवातून जाऊ शकत नाहीत. शेवटी येणाऱ्या भूपृष्ठ लहरी संथ असतात, पण लांबवर टिकतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला भूकंप झाला, तेव्हाचा हिशेब मांडून पाहता येतो. कोयनानगर ते डोंबिवली हे सरळ रेषेतले अंतर २०० किलोमीटरहून थोडे जास्त आहे. प्राथमिक लहर कवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, म्हणजे तिला इथवर यायला सुमारे ३५ सेकंद लागतात. दुय्यम लहरीचा वेग सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर. तिला एक मिनिट लागते. म्हणून दूरच्या भूकंपात आधी फळीवरची भांडी किणकिणतात, आणि झोपलेला माणूस जागा होऊन ‘काय झालं’ म्हणेपर्यंत पलंग आडवा हलू लागतो.

प्राथमिक आणि दुय्यम लहरींमधले वेळेचे अंतर भूकंपशास्त्राला फार मोलाचे आहे. त्याच्या प्रत्येक सेकंदामागे साधारण ८ किलोमीटर धरले की भूकंप किती दूर झाला ते कळते. वरच्या उदाहरणात २५ सेकंद, म्हणजे २०० किलोमीटर. एका केंद्रावरून फक्त अंतर कळते, दिशा कळत नाही. तीन वेगवेगळ्या केंद्रांनी आपापल्या अंतराची वर्तुळे नकाशावर काढली की ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे अपिकेंद्र असते. कंपास घेऊन हे शाळेच्या नकाशावरही करून बघण्यासारखे आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक यंत्र १८९९ साली बसले; देशातल्या पहिल्या काही यंत्रांपैकी ते एक.

भूकंपाच्या बातमीतला आकडा सांगतो ती महत्ता. नाभीपाशी किती ऊर्जा सुटली हे त्यावरून कळते. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली हे माप मांडले. आता मोठ्या भूकंपांसाठी सुधारित माप वापरतात, तरी बोलण्यात ‘रिश्टर’च राहिले आहे. या मापात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ४ महत्तेच्या धक्क्यापेक्षा ६ चा भूकंप दीडपट मोठा नसतो, तर ऊर्जेच्या हिशेबाने जवळजवळ हजार पट मोठा असतो. तीव्रता ही गोष्ट निराळी. एखाद्या ठिकाणी जमीन किती हलली, भिंती तडकल्या की पडल्या, लोक घाबरून बाहेर आले की झोपेतून उठलेच नाहीत, यावरून ती ठरते. एका भूकंपाची महत्ता एकच असते, पण तीव्रता गावोगाव बदलते. शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांतही ती वेगळी असू शकते, आणि ठाणे-कल्याणच्या दृष्टीने याच गोष्टीकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

जगातले बहुतेक मोठे भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूपट्टाला रेटतो. हिमालय आणि तिथले भूकंप ही त्याचीच फळे. महाराष्ट्र या कडेपासून फार दूर आहे. पण रेट्याचा ताण भूपट्टाच्या आतही पोहोचतो आणि जुन्या, कमकुवत भेगांपाशी साठत राहतो. त्यामुळे इथे भूकंप क्वचित होतात, पण होतच नाहीत असे म्हणता येत नाही.

पारसिकचा डोंगर, येऊरचे रान, मलंगगडाचे सुळके हे सगळे दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. कातळ इतका भरभक्कम दिसतो की याला कोण हलवणार असे वाटावे. मात्र बेसाल्ट हे वरचे पांघरूण आहे. कोयना भागात संशोधनासाठी खोल छिद्र घेतले तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीला तर हे पांघरूण साडेतीनशे मीटरही जाड नाही. भूकंप घडतात ते या पांघरुणाखालच्या जुन्या खडकांत, आणि तिथल्या भेगा वरून दिसत नाहीत.

कोकणपट्टीत या पांघरुणाला एक मोठी घडीही पडली आहे. सह्याद्रीकडे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. किनाऱ्याकडे येताना ते पश्चिमेला कलतात. दक्षिणोत्तर गेलेला हा वाकाचा पट्टा भूशास्त्रात ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावाने ओळखला जातो. पश्चिम किनाऱ्यालगत गरम पाण्याच्या झऱ्यांचीही एक ओळ आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथली कुंडे याच ओळीतली. अकलोलीला नदीचे पाणी थंड असते आणि काठावरच्या कुंडात पाय टाकवत नाही, इतका फरक दोन-चार पावलांवर जाणवतो. कुंडाखाली ज्वालामुखी धुमसत असल्याचा समज मुलांमध्ये फार पसरलेला आहे, पण तो खरा नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कुंड सांगते ते इतकेच, की इथला कातळ खोलवर फुटलेला आहे आणि त्या फटींतून पाणी फिरते.

पाणी आणि भूकंप यांच्या नात्याचे एक उदाहरण ठाणे जिल्ह्यातच आहे. शहापूर तालुक्यातले भातसा धरण ८८ मीटर उंच आहे आणि मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा तिथून येतो. १९८३ साली, जलाशय भरू लागल्यावर काही वर्षांतच, खर्डी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यातला सर्वांत मोठा, १५ सप्टेंबर १९८३ चा धक्का, ५ महत्तेच्या किंचित खाली होता. पावसाळा सरत आलेला आणि धरण भरत आलेले असतानाची ही तारीख आहे.

जलाशय दोन प्रकारे काम करतो. एक, पाण्याचे वजन खालच्या खडकावर पडते. दुसरे अधिक महत्त्वाचे: पाणी भेगांत झिरपते आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना आतून रेटते. एरवी या दोन बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात. पाण्याच्या दाबाने ती पकड ढिली होते. ओल्या लादीवर पाय सटकावा तसे हे सरकणे. म्हणून ‘धरणामुळे भूकंप झाला’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ताण आधीपासून तिथे होता, पाण्याने तो सुटायला निमित्त दिले. शास्त्रज्ञ अशा भूकंपांना जलाशय-प्रेरित म्हणतात, आणि कोयनेचा १९६७ चा भूकंप हे त्याचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यापासून पाच-सहा वर्षांत तो झाला. त्याची महत्ता ६ च्या पुढे होती, दोनशेच्या आसपास माणसे गेली, कोयनानगरातली बहुतेक घरे पडली किंवा निकामी झाली. धरणालाही तडे गेले, पण ते उभे राहिले आणि नंतर बळकट करण्यात आले. कोयना परिसरात लहानमोठे धक्के आजही चालूच आहेत.

जुन्या ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या, १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात मात्र मोठे धरण भरल्याचे निमित्त नसतानाही असेच घडले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, धक्के बसू लागले. एक मोठा भूकंप आणि मग ओसरत जाणारे लहान धक्के, असा नेहमीचा क्रम त्यात नव्हता. लहान धक्के थव्याने येत राहिले, कधी दिवसातून अनेक. १ फेब्रुवारी २०१९ च्या दुपारी ४ च्या वर महत्तेचा धक्का बसला. घराबाहेर पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा त्या दिवशी मृत्यू झाला. गावकऱ्यांनी थंडीत तंबूंत रात्री काढल्या, शाळा मैदानात भरल्या. पावसाचे पाणी भेगांतून खोलवर उतरत असल्याने हे धक्के येत असावेत, हे त्याचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. आकड्यांत हे भूकंप किरकोळ ठरतात. पण ज्या घराची कुडाची किंवा विटामातीची भिंत रोज थोडी थोडी तडकते, त्या घरातल्यांना ते किरकोळ कसे वाटावेत?

आकडा आणि हानी यांतली ही तफावत सर्वांत भयंकर रूपात दिसली ती किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून दमलेली गावे झोपेत होती. ६.२ महत्तेच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे मारली. अशाच महत्तेचे भूकंप जपानात होतात तेव्हा बळींचा आकडा बहुधा फार लहान असतो. किल्लारीला माणसे मारली ती घरांनी. दगडामातीच्या दोन-दोन फुटांहून जाड भिंती, त्यांत चुना किंवा सिमेंट नाही, आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत गुंतवणारा जोडदगड नाही, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हे घर. पण पाऊस गळू नये म्हणून दर काही वर्षांनी माळवदावर नवी माती पडे आणि डोक्यावरचे ओझे वाढत जाई. आडवा धक्का बसताच भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. त्याच गावांत गवताने शाकारलेल्या झोपड्या टिकल्या.

या भूकंपाने नकाशाचाही एक समज मोडला. किल्लारीचा परिसर तेव्हा देशाच्या भूकंपप्रवणता नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. खरे तर १९९२ च्या ऑक्टोबरात तिथे साडेचारच्या आसपास महत्तेचा धक्का बसून गेला होता आणि लोक महिनोन्‌महिने हादरे सांगत होते. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा ‘सर्वांत सुरक्षित’ असा पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला. त्या नकाशात कोयना चौथ्या पट्ट्यात, म्हणजे तीव्र धोक्यात मोडते. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि मुंबई तिसऱ्या, मध्यम धोक्याच्या पट्ट्यात.

ठाणे-कल्याणच्या वाचकाने किल्लारीइतकेच अहमदाबादकडे पाहायला हवे, कारण तिथली घरे इथल्यासारखी आहेत. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये ७.७ महत्तेचा भूकंप झाला. अपिकेंद्र भुज-भचाऊकडे, अहमदाबाद तिथून २०० किलोमीटरहून दूर, म्हणजे डोंबिवलीपासून कोयना जितकी दूर आहे साधारण तितकेच. तरीही अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून सातशेहून अधिक लोक गेले. कच्छच्या भूकंपाची ऊर्जा कोयनेच्या कितीतरी पट जास्त होती, हे इथे विसरता कामा नये. कोयनेला तेवढा भूकंप होईल असा याचा अर्थ नाही. पण अहमदाबादेत नेमक्या कोणत्या इमारती पडल्या हे पाहिले तर डोळे उघडतात. पडलेल्यांत बऱ्याच इमारती खाली मोकळे पार्किंग असलेल्या होत्या.

कल्याण-डोंबिवलीत कोणत्याही गल्लीत अशी इमारत दिसते. वर चार किंवा सात मजले विटांच्या भिंतींनी भरलेले; तळमजल्यावर नुसते कॉलम आणि त्यांच्यामध्ये स्कूटर. भरलेल्या भिंती वरच्या मजल्यांना ताठ ठेवतात, त्यामुळे आडवा धक्का बसला की वरचा सगळा भाग पेटीसारखा एकसंध हलतो आणि वाकण्याचे सगळे काम खालच्या कॉलमवर पडते. कॉलमच्या आत डोकावले तर उभ्या सळया दिसतात आणि त्यांना कवटाळून ठराविक अंतरावर आडव्या रिंगा असतात. रिंगांची टोके नुसती काटकोनात मुडपलेली असतील तर काँक्रीटचा वरचा थर निखळताच रिंग उघडते आणि सळई बाहेर फुगते. तेच टोक आणखी आत, १३५ अंशांत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेले असेल तर रिंग सुटत नाही. बांधकामावर एका रिंगेमागे या मुडपण्याला जेमतेम काही सेकंद लागतात आणि साहित्य फारसे वाढत नाही. तरीही हे नीट झाले की नाही हे स्लॅब पडल्यावर कुणालाच दिसत नाही. मोकळ्या मजल्याचे कॉलम जास्त बळकट हवेत, असे भूकंपविषयक बांधकाम संहितेत २००२ पासून स्पष्ट नमूद आहे. जुन्या इमारतीत कॉलमला काँक्रीटचे जॅकेट घालता येते किंवा काही कॉलमांमध्ये भक्कम भिंत बांधता येते.

भूकंपाशिवायही इमारती पडतात, हे या भागाने सोसलेले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण दगावले. २८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत जुनी इमारत पडून ९ जण गेले. स्वतःचे वजनही न पेलणारी इमारत आडवा धक्का कसा पेलणार? दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी लावते आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना तपासणी कायद्याने आवश्यक आहे. भूकंपाची तयारी म्हणून या तपासणीकडे कुणी सहसा पाहत नाही, पण या शहरांना तिच्याइतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

इमारतीइतकीच तिच्याखालची जमीनही मोजावी लागते. येऊरच्या पायथ्याला कातळ हाताशी आहे. उल्हास नदी आणि ठाण्याच्या खाडीकाठी मात्र मऊ काळा चिखल, गाळ आणि भराव आहे. कातळातून आलेली लहर अशा मऊ थरात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो. परातीतल्या खरवसाला बोट लावले की वरचा भाग जास्त थरथरतो तसे. १९८५ साली मेक्सिको सिटीत हेच झाले. अपिकेंद्र साडेतीनशे किलोमीटरवर असूनही जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला भाग उद्ध्वस्त झाला. पाण्याने भरलेली सैल वाळू असेल तर दुसराच धोका: हादऱ्यांनी कण सुटतात आणि जमीन काही काळ द्रवासारखी वागते. कच्छच्या रणात २००१ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर दिसले.

इमारतीच्या उंचीचाही संबंध आहे. प्रत्येक इमारतीला स्वतःचा एक झोका असतो. ढोबळ मानाने, जितके मजले तितके सेकंदाचे दशांश: चार मजली इमारत ०.४ सेकंदात एक झोका पुरा करते, वीस मजली दोन सेकंदांत. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ लहरी या लांब झोक्याशी जुळतात. म्हणून घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर झुंबर डोलते आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्याला काही कळतही नाही. जवळच्या लहान भूकंपात उलट, बैठ्या चाळींना अधिक झटका बसतो.

हादऱ्यामागून येणारे परिणामही लक्षात घ्यावे लागतात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने वस्तीला लागून आहेत. तिथे टाकी फुटणे किंवा आग लागणे हे हादऱ्याहून मोठे संकट ठरू शकते. गॅसची नळी, विजेच्या तारा, पाण्याची मुख्य वाहिनी आणि रेल्वेमार्ग एकाच वेळी बिघडू शकतात. त्सुनामीची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही: नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाने उठलेल्या लाटा मुंबईच्या किनाऱ्यालाही पोहोचल्या होत्या.

भूकंप अमुक दिवशी, अमुक वेळी होईल असे भाकीत आज कुणालाही करता येत नाही; मोबाइलवर फिरणारे तसे संदेश खोटे असतात. हादरा सुरू झाला की घरात किंवा वर्गात असलेल्याने खाली बसावे, बाकाखाली किंवा मजबूत टेबलाखाली डोके झाकावे आणि त्या बाकाचा किंवा टेबलाचा पाय घट्ट धरून राहावे. बाक सरकेल, म्हणून धरून राहणे महत्त्वाचे. जोराचे हादरे बहुतेक वेळा मिनिटभरात थांबतात, आणि तेवढ्या वेळात पाचव्या मजल्यावरून खाली पोहोचणे शक्य नसते. जिन्यात चेंगराचेंगरी मात्र होते. तळमजल्यावर, दाराशीच असलेल्याने मोकळ्यावर जावे. तिथे गेल्यावर गच्चीच्या कठड्याखाली, काचेच्या तावदानांखाली किंवा विजेच्या तारांखाली थांबू नये. लिफ्ट वापरू नये. हादरे थांबल्यावर गॅसचा खटका आणि विजेचे मुख्य बटन बंद करून जिन्याने उतरावे.

मुख्य धक्क्यानंतर लहान धक्के दिवसेंदिवस, कधी महिनोन्‌महिने येत राहतात आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या इमारती त्यांत पडतात. म्हणून परत घरात जाण्याआधी भेगा पाहायच्या असतात. गिलाव्यावरची केसासारखी बारीक रेघ सहसा वरवरची असते. पण पार्किंगच्या कॉलमच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला तिरकी भेग असेल, दोन भेगा फुलीसारख्या छेदत असतील, काँक्रीट निखळून सळई दिसत असेल किंवा कालपर्यंत लागणारे दार आज चौकटीत बसत नसेल, तर संरचना अभियंत्याने पाहणी करेपर्यंत ती इमारत रिकामीच ठेवायची असते.